पायरीचा इतिहास

मोटारबसच्या पायरीला इतिहास असतो, असे म्हटले तर श्रोत्यांपैकी काही जणांस हसू येईल. वसंत व्याख्यानमालेत राज्ये, लढाया, संतमंडळी यांविषयी ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने हा विषय अगदीच पायाखालचा. परंतु एसटीच्या गाडीत चढणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे एकदा नीट पाहावे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दाराचा दांडा धरलेला, एक पाय वर गेलेला आणि दुसरा काही केल्या जमिनीवरून सुटत नाही. मागून कोणी आधार देतो, आतून कोणी हात देतो, आणि कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून वाट पाहतो. ही तरी चढते. ज्याचे पायच चालत नाहीत तो मुळी थांब्यावर येत नाही, आणि तो येत नाही म्हणून त्याच्याजोगी गाडी करावी असे कोणाला सुचत नाही. ही पायरी कोठून आली, इतकी वर्षे ती का राहिली, आणि अखेर ती कोणी काढली, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

मोटारबस ही जन्माने मालमोटारीची बहीण आहे. आपल्या बैलगाडीत जसा साटा आखाच्या वर बसतो, तसाच मोटारीतही उतारूंचा मजला चाकांच्या आसांवर बसतो. लोखंडाच्या दोन लांब तुळया पुढून मागे गेलेल्या, त्यांना शिडीसारखे आडवे दांडे. तुळयांखाली पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यांखाली आस. पुढे एंजिन, तेथून मागच्या आसापर्यंत गेलेला फिरता दांडा, आणि त्या आसाच्या मध्यभागी दात्यांच्या चाकांची गोल पेटी. या सगळ्या सांगाड्याला कारखान्याच्या भाषेत चासी म्हणतात. चासी एक कंपनी करते. तिच्यावर पत्र्याची, लाकडाची, काचांची बॉडी पुष्कळदा दुसरेच कोणी चढवितात. आपल्या एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत वर्षानुवर्षे हेच काम झाले आहे: चासी मोटार कंपनीची, बॉडी एसटीची. या व्यवस्थेत बॉडी बांधणाऱ्याला तुळयांच्या खाली जाता येत नाही. त्याचा मजला चासीवाल्याने ठरविलेल्या उंचीवरच सुरू होतो, आणि चासीवाल्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे माल वाहणारा. धान्याच्या पोत्याला पायरी चढावी लागत नाही. म्हणून मजला जमिनीपासून सुमारे एक मीटर वर राहिला, आणि ते अंतर तोडण्यासाठी दाराशी दोन-तीन पायऱ्या आल्या.

तळ खाली आणण्याची विद्या कोणास ठाऊक नव्हती असे मात्र नाही. लंडनमध्ये १९२३ साली ‘एनएस’ जातीची दुमजली बस निघाली. तिच्या चासीच्या तुळया आसांवरून जाताना वर वाकविलेल्या आणि मध्ये खाली आणलेल्या होत्या. त्यामुळे खालचा मजला आधीच्या गाड्यांपेक्षा बराच सखल झाला. हे कशासाठी केले? त्या काळी दुमजली गाडीच्या वरच्या मजल्यावर छप्पर नसे. छप्पर घातल्यास गाडी कलंडेल, अशी परवाना देणाऱ्या पोलिसांस भीती होती. गाडीचा भार खाली आला तेव्हा छपराला परवानगी मिळाली. पुढे ब्रिस्टल कंपनीने १९४९ मध्ये ‘लोडेका’ या गाडीचा नमुना तयार केला. तिच्यात फिरता दांडा एका बाजूस सारला होता आणि मागचा आस मध्यभागी खाली उतरविला होता. त्यामुळे मागच्या फलाटावरून आत जाताना पायरीच लागत नसे. हा खटाटोप कशासाठी? तर दुमजली गाडी रेल्वेच्या ठेंगण्या पुलांखालून जावी यासाठी. एकदा छपरासाठी आणि एकदा पुलासाठी तळ खाली आला. चढणाऱ्याच्या पायाला लाभ झाला तो आपसूक. एकमजली गाडीला छपराची अडचण नव्हती आणि पुलाचीही नव्हती. तिचा तळ कोणी खाली आणला नाही. उलट १९५० च्या सुमारास विलायतेत एंजिन आडवे करून मजल्याखालीच घालण्याची पद्धत आली, तेव्हा तो आणखी वर गेला.

चढणाऱ्यासाठी तळ खाली आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो साफ फसला. १९७० नंतर तेथील मध्यवर्ती सरकारने ‘ट्रान्सबस’ नावाच्या गाडीचे नमुने तीन कंपन्यांकडून करवून घेतले होते. १९७७ मध्ये वाहतूक खात्याचे मंत्री ब्रॉक अ‍ॅडम्स यांनी हुकूम काढला की सरकारी पैशाने घ्यावयाच्या बसचा तळ बावीस इंचांहून, म्हणजे सुमारे छप्पन्न सेंटिमीटरहून, उंच असू नये. पुढच्याच वर्षी, १९७८ च्या जुलै महिन्यात, डेन्व्हर शहरात एकोणीस अपंग नागरिक गजबजलेल्या चौकात आपल्या चाकांच्या खुर्च्या घेऊन दोन बसगाड्यांच्या आड आले आणि रात्रभर तेथून हलले नाहीत. गाडीखाली सापडण्याचे भय ज्यांना सर्वांत अधिक, तेच लोक गाडी अडवून बसले. इतके होऊनही १९७९ मध्ये लॉस एंजेलिस, मायामी आणि फिलाडेल्फिया या तीन शहरांनी मिळून ट्रान्सबसच्या निविदा मागविल्या, तेव्हा एकाही कारखानदाराने निविदा भरली नाही. इतक्या सखल गाडीला लागणारे आस आणि टायर बाजारात तयार नाहीत, किंमत भरमसाट होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होतेही. पण मागणी नाही म्हणून आस करीत नाहीत आणि आस नाहीत म्हणून गाडी करीत नाहीत, या फेऱ्यातून कोणी बाहेर पडावयाचे, हे त्या दिवशी कोणी बोलले नाही. सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. अमेरिकेतील बसगाड्या उंचच राहिल्या आणि त्यांच्या दाराशी खुर्ची उचलणारे यांत्रिक पाळणे आले, जे नादुरुस्त होण्याबद्दल प्रसिद्ध झाले.

तो फेरा जर्मनीत मोडला. तेथे नगरपालिकांच्या वाहतूक संस्था एकत्र बसून बसचा नमुना ठरवीत आणि तोच सर्व कारखान्यांकडून मागत. त्यामुळे आस करणाऱ्यालाही मागणीची खात्री होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस निओप्लान, एमएएन आणि मर्सिडीज यांच्या सखल तळाच्या गाड्या रस्त्यावर आल्या. युक्ती ऐकण्याजोगी आहे. पुढचा आस मध्ये खोल वाकविला. एंजिन मागे, अगदी शेपटीला नेले, म्हणजे फिरता दांडा मजल्याखालून जाण्याचे कारणच उरले नाही. मागचा आस चाकांच्या मध्यबिंदूच्या खाली उतरवून दोन्ही टोकांशी दात्यांच्या चाकांनी पुन्हा वर जोडला. लांब तुळयांची शिडी मोडून टाकली. पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे आले; थांब्यावर दाराच्या बाजूचे फुगे थोडे रिकामे केले की गाडी सहा-सात सेंटिमीटर खाली झुकते आणि दार मिटल्यावर पुन्हा उभी राहते. इंग्रज लोक याला गुडघे टेकणे म्हणतात. आमच्या डोळ्यांपुढे मात्र स्वारासाठी बसणारा उंट येतो.

आता विलायतेकडे येऊ, कारण एकमजली सखल बसची बॉडी घाऊक प्रमाणावर कशी बांधली गेली याची खरी कथा तेथली आहे, आणि ती फार प्रतिकूल काळात घडली. १९८५ च्या कायद्याने लंडन वगळता ब्रिटनमधील बसवाहतूक ऑक्टोबर १९८६ पासून खुल्या स्पर्धेला मोकळी झाली. ज्या संस्था दरसाल शेकडो गाड्या घेत, त्यांनी खरेदी थांबविली. कोणी घेतल्याच तर मालाच्या व्हॅनला खिडक्या पाडून केलेल्या लहान गाड्या घेतल्या. बॉडी बांधणारे जुने कारखाने एकामागून एक बंद पडले. लीड्समधील रो कंपनीचा कारखाना त्याआधीच १९८४ मध्ये बंद झाला होता. तेथल्या बेकार झालेल्या कामगारांना घेऊन १९८५ मध्ये ‘ऑप्टेअर’ उभी राहिली, हा त्या पडझडीतला सुखद अपवाद. लोस्टॉफ्टचा ईस्टर्न कोच वर्क्स १९८७ मध्ये मिटला. याच १९८५ च्या कायद्याने अपंगांच्या प्रवासाविषयी सरकारला सल्ला देणारी एक समितीही नेमली गेली. तिने १९८८ मध्ये बसच्या बॉडीविषयी शिफारसी केल्या: पायऱ्या कमी उंच असाव्यात, त्यांच्या कडा व दांडे उठून दिसतील अशा रंगाचे असावेत, घंटीचे बटण बसल्या जागी हाताला यावे. शिफारसी चांगल्या होत्या आणि पुष्कळ नव्या गाड्यांत त्या पाळल्याही गेल्या. परंतु पायरी कमी उंच झाली तरी ती पायरीच. चाकांच्या खुर्चीला एक पायरी आणि तीन पायऱ्या सारख्याच. हे सांगण्यासाठी १९९० नंतर लंडनमध्येही अपंग लोक रस्त्यावर आले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि पार्लमेंटच्या परिसरात त्यांनी गाड्या अडविल्या, हातकड्यांनी स्वतःस बसगाड्यांना जखडून घेतले. त्यांना अटक करून न्यावे तर पोलिसांच्या गाडीलाही पायऱ्या होत्या.

उत्तर आयर्लंडात बॅलिमीना नावाचे एक मध्यम गाव आहे. तेथे रॉबर्ट राइट यांनी १९४६ साली गाड्यांच्या बॉड्या बांधण्याचा धंदा काढला. प्रथम मालमोटारींच्या बॉड्या, मग शाळांसाठी बसेस, असे काम त्यांचा मुलगा विल्यम यांच्या हाताखाली वाढत गेले. मोठ्या ब्रिटिश कारखान्यांच्या मानाने हे दुकान लहान, आणि बाजारापासून समुद्रापलीकडे. इंग्लंडात तयार झालेली उघडी चासी बोटीवर चढवून बॅलिमीनाला आणावयाची, बॉडी चढवून पुन्हा बोटीने परत पाठवावयाची, हा खर्च कायमचा पाठीशी. असा कारखाना टिकावयाचा तर त्याच्यापाशी दुसऱ्यांपाशी नसलेले काही असावे लागते. राइट यांच्यापाशी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ‘अ‍ॅलुस्विस’ या स्विस कंपनीची बांधणीची पद्धत. तीत बॉडीचा सांगाडा साच्यातून काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा असतो. त्या मापाने कापून बोल्टांनी जोडतात. वेल्डिंगच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम नरम पडते, तो प्रश्न येथे येत नाही. लोखंडाप्रमाणे गंजही नाही. टक्कर होऊन एखादा खांब वाकला तर तेवढाच सोडवून नवा घालता येतो. वजन वाचते ते वेगळेच. १९९० पासून राइट यांनी या पद्धतीने बांधलेल्या ‘हँडीबस’ नावाच्या लहान बॉड्या लंडनला विकल्या होत्या, आणि तेथले अधिकारी त्यांना ओळखत होते. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या कामाला हात घालण्याची तयारी. उत्तर आयर्लंडातील त्या अशांत वर्षांत तिची किंमत अधिकच मोठी होती.

लंडनच्या वाहतूक संस्थेने सखल तळाच्या अडुसष्ट एकमजली गाड्या घेण्याचे ठरविले. अडतीस चासी गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीच्या ‘लान्स’ जातीच्या, तीस स्वीडनच्या स्कॅनियाच्या, आणि सर्वांवर बॉडी राइट यांची. १९९३ मध्ये ही बॉडी तयार झाली. तिचे नाव ‘पाथफाइंडर ३२०’. ३२० हा आकडा म्हणजे जमिनीपासून तळाची उंची, मिलिमीटरांत. गाडीला तिच्या पायरीची उंची नाव म्हणून द्यावी, याहून मोकळी जाहिरात आम्हांस माहीत नाही. जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम लंडनमधील १२० क्रमांकाच्या मार्गावर या गाड्या धावू लागल्या. पदपथाशी गाडी लागली, झुकली, फळी बाहेर आली, आणि चाकांच्या खुर्चीतला उतारू इतरांप्रमाणे आत गेला. रांगेत मागे उभ्या असलेल्या, बाबागाडी घेतलेल्या आया आणि काठीवरले म्हातारेही तसेच आत गेले. त्यांच्यासाठी तर कोणी मोर्चा काढला नव्हता.

तळ खाली आणला म्हणजे काम संपले, असे बॉडी बांधणाऱ्याच्या बाबतीत होत नाही. तेथून त्याची डोकेदुखी सुरू होते. पूर्वी चाके मजल्याखाली लपत. आता मजला चाकांच्या मध्यापेक्षाही खाली, म्हणून चारही चाके पेट्यांसारखी गाडीच्या आत उभी राहतात. पुढच्या दोन पेट्यांमधून खुर्ची जाईल एवढी वाट तर हवी. गाडीची रुंदी कायद्याने बांधलेली. तेलाची टाकी, बॅटरी, हवेच्या टाक्या हे सारे सामान पूर्वी तळाखाली असे, त्यालाही आता जागा पाहावी लागते. ते आसनांखाली किंवा चाकांच्या पेट्यांवर जाते. खुर्चीची मोकळी जागा ठेवावयाची म्हणून आसने आणखी कमी होतात, आणि आसने कमी म्हणजे गाडीच्या मालकाच्या कपाळाला आठी. बाहेरचा पत्रा रस्त्याच्या इतका जवळ येतो की पदपथाच्या दगडावर घासून त्याचा खालचा काठ नेहमी फाटतो. यावर उपाय एवढाच, की तो पत्रा अखंड न ठेवता लहान लहान तुकड्यांत बसवावयाचा, म्हणजे डेपोतला माणूस चार बोल्ट काढून तासाभरात दुसरा लावतो. बोल्टांनी जोडलेल्या बॉडीचा गुण येथे कामी आला.

जर्मनांनी पुढून मागेपर्यंत सबंध तळ सपाट केला. ब्रिटिशांनी हिशेबीपणा केला: पुढच्या दारापासून मागच्या चाकांपर्यंतच तळ सखल ठेवला, आणि मागे एक-दोन पायऱ्या देऊन तो नेहमीच्या आसावरून वर नेला. त्यामुळे महाग आस लागत नाही आणि मागच्या उंच भागात चार आसने जास्त बसतात. ज्याला चढवत नाही त्याने पुढे बसावे. आमच्या मते ही तडजोड प्रामाणिक होती, आणि तिच्यामुळेच सखल गाडी सर्वत्र पोचली. डेनिसने १९९५ मध्ये आपल्या खपाऊ ‘डार्ट’ चासीचा सखल अवतार जाहीर केला. प्लॅक्स्टन कंपनीची ‘पॉइंटर’ ही बॉडी त्यावर बसली, आणि ब्रिटनच्या गावोगावी ती जोडी दिसू लागली. राइट यांनीही त्याच चासीवर आपली बॉडी बसविली. ऑप्टेअरने आपल्या ‘सोलो’ गाडीत तर पुढची चाके पार नाकाशी नेली आणि दार त्यांच्या मागे ठेवले, म्हणजे पेट्यांमधल्या अरुंद वाटेचा प्रश्नच मिटला.

कायदा आला तो यानंतर. अपंगांना वेगळे वागविण्यास बंदी करणारा कायदा ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये झाला. त्याखाली बसचे नियम २००० मध्ये निघाले आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून नव्या गाड्यांना लागू झाले. खुर्चीसाठी किमान १३०० मिलिमीटर लांब आणि ७५० मिलिमीटर रुंद जागा, पाठीशी आधार, दाराशी फळी किंवा पाळणा, हे सर्व त्यांत मापांसह आहे. जुन्या एकमजली गाड्यांना १ जानेवारी २०१६ पर्यंत मुदत मिळाली, दुमजलींना आणखी एक वर्ष. अमेरिकेत हुकूम आधी निघाला आणि गाडी आलीच नाही; येथे गाडी आधी रस्त्यावर धावून दाखविली गेली, म्हणून ‘हे होऊ शकत नाही’ असे म्हणण्यास कोणाला तोंड राहिले नाही.

पण त्या १३०० गुणिले ७५० च्या जागेत कोणी बसावयाचे? फेब्रुवारी २०१२ मध्ये डग पॉली हे चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ लीड्सला जाण्यासाठी गाडीत चढू लागले, तेव्हा त्या जागेत एक बाबागाडी होती आणि तीत मूल झोपले होते. ड्रायव्हरने बाईंना सरकण्यास सांगितले, त्या नाही म्हणाल्या, आणि पॉली थांब्यावर राहिले. पायरी गेल्यामुळे ज्या दोघांना बसमध्ये प्रवेश मिळाला, त्यांच्यातच जागेचा तंटा व्हावा, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. खटला पाच वर्षे चालला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नुसती विनंती करून ड्रायव्हरने गप्प बसणे पुरेसे नाही. कारण नसताना कोणी अडून बसला तर त्याच्यावर दबाव आणावा, प्रसंगी गाडी काही मिनिटे उभी ठेवावी. मात्र उतारूला बळाने बाहेर काढण्याचे बंधन न्यायालयाने घातले नाही. यापुढचे काम बॉडी बांधणाऱ्याच्या हातचे नव्हे.

बॅलिमीनाचा कारखाना दरम्यान पुष्कळ मोठा झाला. लंडनच्या रस्त्यांवर २०१२ पासून धावलेली नवी रूटमास्टर दुमजलीही तेथेच बांधली गेली. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तो कर्जात बुडाला. सुमारे बाराशे माणसांची नोकरी एका दिवसात गेली. पुढच्याच महिन्यात नवा मालक मिळून काम पुन्हा सुरू झाले. विल्यम राइट २०२२ मध्ये वारले.

आपल्या देशात सखल तळाची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘लो-फ्लोअर’ बसची मोठी खरेदी प्रथम दिल्लीने केली. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांपूर्वी टाटा आणि अशोक लेलँड यांच्या ४०० मिलिमीटर तळाच्या गाड्या तेथे आल्या. २००८ मध्ये केंद्र सरकारने शहरी बससाठी जी मापे ठरविली त्यांत तळाच्या तीन उंची दिल्या होत्या: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. तीन पर्याय दिल्यावर स्वस्त कोणता हे पाहिले जाते, आणि पुष्कळ शहरांनी तेच पाहिले. दिल्लीनेही पुढे एक हजार उंच तळाच्या गाड्या घेण्याचे ठरविले, तेव्हा चाकांची खुर्ची वापरणाऱ्या एका नागरिकाने उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या गाड्यांना यांत्रिक पाळणे बसविण्याचे ठरले. अमेरिकेने १९७९ नंतर धरलेली वाट ती हीच.

सखल गाडीच्या विरुद्ध आपल्याकडे सांगितले जाणारे कारण म्हणजे रस्ते: खड्डे, उंच गतिरोधक, पावसाळ्यातले पाणी. हे कारण खोटे नाही. त्याहून मोठे कारण थांब्याचे आहे, आणि ते फारसे कोणी बोलत नाही. ४०० मिलिमीटरचा तळ झुकून ३४० वर आला आणि गाडी १५० मिलिमीटर उंच पदपथाला नीट लागली, तर एक मीटर लांब फळीला पाचास एक असा चढ येतो. मागून कोणी ढकलले तर खुर्ची जाते. पण गाडी पदपथापासून दूर, भर रस्त्यात थांबली तर तोच चढ तिनास एक होतो, आणि मग फळी असून नसल्यासारखी. आपल्या शहरांत थांब्यासमोर रिक्षा आणि फळांच्या हातगाड्या उभ्या असतात, म्हणून गाडी रस्त्यातच थांबते.

पुण्यात २०१५ पासून जे ‘रेनबो’ बीआरटी मार्ग सुरू झाले, त्यांवर उलट उपाय केला आहे. तेथे गाडीचा तळ खाली न आणता रस्त्याच्या मध्यावरील थांब्याचा ओटाच गाडीच्या उंचीला नेला, आणि गाडीला उजव्या बाजूस दारे दिली. ओट्यावरून माणूस सरळ आत जातो. बीआरटीचा मार्ग संपून तीच गाडी नेहमीच्या रस्त्याला लागली, की ती पदपथाशी डाव्या दाराने उतारू घेते, आणि त्या दारात पायऱ्या आहेत.